उद्याची घाई : ‘मॅकबेथ’ वाचण्यापूर्वी

रणांगण गाजवून मॅकबेथ इनव्हर्नेसच्या आपल्या गढीत परततो, तेव्हा नवरा-बायकोत होणारं पहिलं बोलणं जेमतेम काही ओळींचं आहे. राजा डंकन आज रात्री मुक्कामाला येतोय, असं तो सांगतो. ती विचारते, परत कधी निघणार? तो म्हणतो, उद्या. आणि लगेच पुस्ती जोडतो की निदान राजाचा बेत तरी तसा आहे. खुनाचा शब्द अजून कुणाच्याच तोंडून निघालेला नाही. तरी त्या पुस्तीने दोघांना एकमेकांचं मन कळून चुकतं. तसला उद्या उजाडणारच नाही, असं ती ठामपणे सांगून टाकते, आणि मनातलं असं चेहऱ्यावर येऊ देऊ नकोस म्हणून त्याला बजावते. पाहुणा कधी येणार आणि कधी जाणार, या घरोघर होणाऱ्या चौकशीत एका राजाचं मरण ठरून जातं.

‘मॅकबेथ’ ही महत्त्वाकांक्षेची शोकांतिका, हे वाक्य कॉलेजच्या गाइडांपासून आपल्या कानांवर आहे. ते खोटं नाही, पण वापरून वापरून इतकं गुळगुळीत झालंय की त्यातून हाताला काही लागत नाही. महत्त्वाकांक्षा या नाटकात एकट्या मॅकबेथलाच आहे असं कुठे आहे? आपल्या वंशात राज्य येणार हे चेटकिणींकडून ऐकून मॅकबेथचा सोबती सरदार बँकोही मनातून सुखावतो. डंकनचा मुलगा माल्कम बापाच्या गादीवर हक्क सांगायला परक्या देशाची फौज घेऊन येतो. या दोघांना आपण महत्त्वाकांक्षी म्हणून नावं ठेवत नाही. मॅकबेथचं वेगळेपण त्याच्या हावेपेक्षा त्याच्या उतावीळपणात आहे. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग ही आपली म्हण हसण्यावारी नेण्याची. इथे तिच्यातून रक्त येतं. जे कदाचित आपल्या पायांनी चालत आलं असतं, ते त्याला आजच्या रात्रीत ओढून आणायचं होतं. येणारा काळ त्याने ओरबाडून घेतला, आणि शेवटी त्याच्या पदरात नुसते रिकामे उद्या पडले, एकामागून एक सरपटत येणारे. या पुस्तकातल्या पात्रांकडे आणि प्रसंगांकडे वाचकाने या बाजूने पाहावं, एवढंच या प्रस्तावनेचं मागणं आहे.

आधी थोडं त्या काळाविषयी. १६०३ मध्ये एलिझाबेथ राणी निपुत्रिक वारली आणि स्कॉटलंडचा सहावा जेम्स इंग्लंडचा पहिला जेम्स होऊन लंडनला आला. शेक्सपिअरच्या नाटकमंडळीला त्याने राजाश्रय दिला. नोव्हेंबर १६०५ मध्ये राजासकट अख्खं पार्लमेंट सुरुंगाच्या दारूने उडवून देण्याचा कट उघडकीला आला. ‘मॅकबेथ’ बहुधा त्यानंतरच्या वर्षातलं, म्हणजे १६०६ मधलं. राजहत्या हा तेव्हा पुस्तकातला विषय नव्हता, गल्लोगल्ली चाललेली कुजबुज होती. त्यात जेम्सने चेटकिणींवर स्वतः एक ग्रंथ लिहून १५९७ मध्ये छापलेला, आणि त्याचं स्ट्युअर्ट घराणं आपली वंशावळ थेट बँकोपर्यंत नेणारं. कटाच्या खटल्यात हेन्री गार्नेट या जेझुइट धर्मगुरूवर शपथेवर दुहेरी अर्थाचं बोलल्याचा ठपका आला होता. नाटकातला दारुडा द्वारपाल दोन्ही पारड्यांत शपथ टाकणाऱ्या कुणा इसमाला नरकाचं दार उघडून आत घेतो, तेव्हा त्या प्रेक्षकांना रोख कुणावर आहे हे सांगावं लागत नव्हतं.

खरा मॅकबेथ मात्र या सगळ्याच्या साडेपाचशे वर्षं आधीचा. त्याने १०४० ते १०५७ अशी सतरा वर्षं राज्य केलं. खरा डंकन म्हातारा नव्हता, आणि तो मरण पावला तो लढाईत, पाहुणा म्हणून झोपलेला असताना नव्हे. १०५० मध्ये मॅकबेथ रोमच्या यात्रेला गेला आणि तिथे त्याने गोरगरिबांना सढळ हाताने दान केलं, अशी नोंद आहे. गादी डळमळीत असलेला राजा एवढ्या लांब जाण्याचं धाडस करत नाही. शेक्सपिअरने हे मूळ पाहिलं नव्हतं. त्याच्यासमोर होता रॅफेल हॉलिन्शेडचा बखरवजा इतिहास. त्यात डंकन दुबळा राजा आहे, बँको कटात सामील आहे, आणि माल्कमला वारस ठरवल्यामुळे आपला हक्क डावलला गेला ही मॅकबेथची तक्रार बरीचशी रास्त वाटते. खून करून गादीवर आल्यावर हा मॅकबेथ दहा वर्षं चांगला कारभारही करतो.

शेक्सपिअरने या बखरीतून काय घेतलं त्याहून काय गाळलं ते पाहण्यासारखं आहे. डंकनला त्याने वयस्क, सात्त्विक आणि उपकारकर्ता केलं. बँकोला कटातून बाहेर काढलं. समोर जेम्स बसलेला असताना ते शहाणपणाचंही होतं. मॅकबेथची तक्रार पुसून टाकली. खुनाची रीत उचलली ती त्याच बखरीतल्या वेगळ्याच गोष्टीतून : डोनवाल्ड नावाच्या किल्लेदाराने बायकोच्या चिथावणीवरून आपल्याकडे मुक्कामाला आलेल्या डफ राजाला मारवलं, ती गोष्ट. आणि ती दहा सुखाची वर्षं त्याने समूळ काढून टाकली. नाटकात राज्याभिषेकाची वार्ता येते आणि पुढच्याच अंकात नवा राजा बँकोला मारायला माणसं गाठतो. म्हणजे या गोष्टीतली घाई इतिहासाची नाही, बखरीचीही नाही. ती नाटककाराने जाणूनबुजून घातलेली आहे. मॅकबेथच्या वतीने वकिली करायला जी जी सबब सापडली असती, ती त्याने एकेक करून आपल्या हातून काढून घेतली.

एक सबब तरीही वाचक सोडत नाहीत : चेटकिणी. त्यांनी त्याला भुलवलं, नाहीतर भला माणूस होता, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी पहिल्या अंकाचा तिसरा प्रवेश पुन्हा वाचावा. चेटकिणी त्याला राजा होशील एवढंच सांगतात. कसा, कधी, कुणाला मारून, याबद्दल अवाक्षर नाही. खून हा शब्द त्या माळरानावर मॅकबेथच्याच मनात पहिल्यांदा उमटतो आणि त्याच्या अंगावर काटा येतो. शेजारी बँको उभा आहे. त्यालाही भविष्य मिळालंय. इतकं चांगलं ऐकून तू दचकलास का, असं तो मॅकबेथला विचारतो. सगळ्या नाटकातला हा मोलाचा प्रश्न. काळोखाच्या शक्ती क्षुल्लक गोष्टींत खरं सांगून मोठ्या गोष्टीत गळा कापतात, हा इशाराही बँकोच देतो. त्या क्षणी मॅकबेथ स्वतःला समजावतो की नशिबात राज्य असेल तर नशीबच मुकुट घालील, आपण बोटही हलवायला नको. इथे थांबला असता तर नाटक संपलं असतं. पण पुढच्याच प्रवेशात डंकन थोरल्या मुलाला, माल्कमला, वारस म्हणून जाहीर करतो. त्या काळच्या स्कॉटलंडात गादी बापाकडून मुलाकडे जाण्याची रीत पक्की झालेली नव्हती. घराण्यातला कर्तबगार पुरुषही राजा होऊ शकत असे. त्यामुळे ही घोषणा मॅकबेथच्या वाटेत धोंड होऊन पडते. आणि त्याचा धीर किती वेळ टिकला? एक प्रवेश.

याच प्रवेशात डंकन एक गोष्ट बोलून जातो. कॉडरच्या गद्दार सरदाराविषयी तो हळहळतो : चेहऱ्यावरून माणसाचं मन वाचण्याची विद्या जगात नाही, त्याच्यावर तर मी पूर्ण भरवसा ठेवला होता. हे वाक्य पुरं होतं न होतं तोच रंगमंचावर येतो कॉडरचा नवा सरदार, मॅकबेथ, आणि राजा त्याला उराशी धरायला पुढे होतो. डंकन मूर्ख नाही. विश्वास ठेवल्याशिवाय राज्य चालत नाही, हे त्याला ठाऊक आहे, आणि त्याच्या भलेपणाचा काटा तिथेच मोडतो. गढीच्या दाराशी उभा राहून तो तिथल्या हवेची तारीफ करतो, बँको भिंतींवरची पाकोळ्यांची घरटी दाखवतो. ज्या घरात पाखरं निर्धास्त पिलं वाढवतात त्या घरात काय शिजतंय, ते एव्हाना फक्त आपल्याला माहीत असतं.

आता खुद्द मॅकबेथ. शूर शिपाई, पण मनाने कवी, असं त्याचं वर्णन नेहमी होतं, आणि त्यात तथ्य आहे. पाप-पुण्य त्याला तत्त्व म्हणून सुचत नाही, चित्र म्हणून दिसतं. पहिल्या अंकाच्या शेवटच्या प्रवेशात आत मेजवानी चालू आहे आणि तो यजमान असून उठून बाहेर आलाय. तिथलं त्याचं स्वगत नीट तपासावं. सुरुवातीला तो हिशेबी आहे : खून केला की तो तिथेच संपत असेल तर परलोकाची पर्वा करायची नाही, पण असल्या कृत्याचे धडे शिकवणाऱ्यावरच उलटतात. मग तो नाती मोजतो : मी याचा आप्त, मी याचा प्रजाजन, आणि मी याचा यजमान, दाराला आतून कडी घालून ज्याला राखायचं त्याच्यावरच सुरा कसा उगारू? अतिथीला देव मानणाऱ्या आपल्या वाचकाला हे तिसरं कारण विशेष लागेल. आणि मग हिशेब सुटतो, नवजात उघड्या बाळाच्या रूपातली दया वाऱ्यावर स्वार होऊन साऱ्या जगाच्या डोळ्यांत पाणी आणताना त्याला दिसू लागते. खुनाच्या बाजूने त्याला एकही कारण देता येत नाही. नुसती महत्त्वाकांक्षा, तीही उडी मारायला जाऊन पलीकडे कोसळणारी. इतकं लख्ख समजलेला माणूस तासाभरात तेच कृत्य करायला निघतो. न कळून चुकणाऱ्यांच्या शोकांतिका पुष्कळ आहेत; ही कळून चुकणाऱ्याची आहे.

आणि त्याची बायको? तिला नाटकात स्वतःचं नावसुद्धा नाही. इतिहासातल्या तिच्या मुळाचं नाव ग्रूच. तिला आधीच्या लग्नाचा लुलाख नावाचा मुलगा होता आणि मॅकबेथनंतर काही महिने तो गादीवर बसलाही. नाटकातली बाई मात्र नुसती मॅकबेथची बायको. मराठी वाचकाच्या मनात ती प्रवेश करते ती आनंदीबाईचं लुगडं नेसून. नारायणराव पेशव्यांच्या खुनात ‘ध’चा ‘मा’ केल्याची आनंदीबाईंवर लादलेली कथा इतिहासाच्या कसोटीला उतरलेली नाही, तरी लोकांच्या तोंडी ती कायम आहे. कारण पुरुषांनी केलेल्या घाताचं खापर घरातल्या बाईवर फोडणं सोयीचं असतं. ती सोय इथे बाजूला ठेवावी. ही बाई नवऱ्याच्या मनात जे नव्हतं ते घालत नाही. आहे त्याला ती मुदत घालून देते. आजच.

शिवाय ती जन्माची क्रूर नाही, याचे पुरावे तिच्याच बोलण्यात आहेत. आपलं बाईपण काढून घ्या, काळजात दयेला वाट राहू देऊ नका, असं ती दुष्ट शक्तींना विनवते. जे अंगी आहे ते कुणी मागत नाही. खुनाच्या रात्री तिला धीर यायला मद्य घ्यावं लागतं. आणि झोपलेला म्हातारा आपल्या वडिलांसारखा दिसला नसता तर मीच उरकलं असतं, हे तिच्या तोंडून निसटतं. दूध पाजलेल्या तान्ह्याचं डोकं आपटून फोडण्याची जी भाषा ती नवऱ्यासमोर करते, ती करून दाखवण्याची नसून हरवण्याची भाषा आहे. त्याच्या मर्दपणावर बोट ठेवलं की तो हरतो, हे तिला संसारातून कळलेलं. दोघांत फरक हा, की त्याला पुढचं सगळं दिसतं आणि म्हणून हात उचलत नाही. तिला फक्त हात दिसतो, त्यापुढचं काही नाही. थोड्या पाण्याने हे डाग धुऊन निघतील, असं ती म्हणते तेव्हा ती खोटं बोलत नसते. तिला खरंच तसं वाटतं.

खून आपल्याला दाखवलेला नाही. आपण बाहेर, तिच्याबरोबर थांबतो. घुबड ओरडतं, ती दचकते. तो रक्ताळलेल्या हातांनी येतो, आणि मग तुटक प्रश्न आणि त्याहून तुटक उत्तरं : काही ऐकलंस? कधी? आत्ता? मी उतरत होतो तेव्हा? दोघं एकाच खोलीत आहेत पण कुणी कुणाचं ऐकत नाही. तिच्या डोक्यात पुढची कामं आहेत : सुऱ्या जागेवर ठेवायच्या, पहारेकऱ्यांच्या अंगाला रक्त माखायचं. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट अडकून बसली आहे, की झोपेत प्रार्थना पुटपुटणाऱ्या दोघांना उत्तर म्हणून ‘आमेन’ म्हणायला गेलो आणि तो शब्द घशातच अडकला. सुऱ्या तो विसरून हातातच घेऊन आलाय, आणि परत आत जायला तयार नाही. शेवटी ती जाते. नेमकं तेव्हा गढीच्या दारावर ठोठावणं सुरू होतं. टॉमस डी क्विन्सी या इंग्रज निबंधकाराने १८२३ मध्ये या ठोठावण्यावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. त्याचा आशय असा की खुनाच्या वेळी माणसांचं जग जणू थबकलेलं असतं. दारावरची थाप ऐकू आली की ते पुन्हा चालू झाल्याचं कळतं, आणि मधली भयाण पोकळी तेव्हाच जाणवते. मग येतो तो झिंगलेला, लघवीच्या आणि दारूच्या गमती सांगणारा द्वारपाल. त्याच्यावर हसू येतं आणि आपण हसलो याची शरमही वाटते.

हा सगळा काळोख ‘ग्लोब’सारख्या नाट्यगृहात भर दुपारी, उघड्या आभाळाखाली उभा केला जाई, हे लक्षात ठेवलं तर शब्दांवर किती भार होता ते कळेल. मशाल हातात आली की रात्र समजायची. सायमन फॉरमन नावाच्या लंडनच्या वैदू-ज्योतिष्याने १६११ मध्ये तिथे हा प्रयोग पाहिला आणि आपल्या वहीत टिपून ठेवला. हातांचं न धुतलं जाणारं रक्त, राजाच्या खुर्चीत बसलेलं भूत आणि झोपेत चालणारी राणी, हे त्याला आठवणीत ठेवण्याजोगं वाटलं. चारशे वर्षांनंतर आपलीही यादी काही निराळी होत नाही.

त्यातला खुर्चीचा प्रसंग जवळून पाहू. मेजवानीच्या सुरुवातीला मॅकबेथ सरदारांना आपापल्या दर्जाप्रमाणे बसायला सांगतो. दर्जा, क्रम, आसन : राज्य म्हणजे हेच. मारेकरी दाराशी येऊन सांगतो की बँको संपला पण त्याचा पोरगा फ्लिअन्स निसटला. मॅकबेथ परत येतो तर त्याचीच जागा भरलेली असते. भूत कुठेही बसू शकलं असतं. ते राजाच्या आसनावर बसतं, कारण बँकोचा वंश पुढे नेमका तिथेच बसायचा आहे. प्रसंगाच्या शेवटी राणी त्याच सरदारांना सांगते, जाण्याचा क्रम पाहू नका, एकदम निघा. बसताना क्रम होता, उठताना नाही. एका जेवणात राज्याची घडी विसकटली. आणखी एक : बँकोच्या खुनाची बायकोला गंधवार्ता नाही. ज्याला पहिला खून करायला तिला ढकलावं लागलं, तो दुसरा तिला न विचारता उरकतो, वर लाडाने म्हणतो की झाल्यावर शाबासकी दे. या मेजवानीनंतर नवरा-बायको पुन्हा एकदाही रंगमंचावर एकत्र येत नाहीत.

विचार आणि कृती यांतलं अंतर प्रत्येक खुनाबरोबर कसं आक्रसत जातं, याकडे वाचकाचं लक्ष वेधायचं आहे. डंकनला मारायचं की नाही यात जवळजवळ पहिला अंक जातो. बँकोसाठी एक स्वगत पुरतं. चौथ्या अंकात फाइफचा सरदार मॅकडफ इंग्लंडला पळाल्याचं कळताच मॅकबेथ ठरवतो की यापुढे मनात येईल ते त्याच क्षणी हात करील, मध्ये थांबायचं नाही. आणि त्याचा पहिला बळी कोण? फाइफच्या गढीत एकटी राहिलेली मॅकडफची बायको आणि तिची मुलंबाळं, ज्यांना मारून त्याचा कवडीचा फायदा नाही. डंकनचा खून आड झाला होता. इथे लहान मुलगा आपल्या डोळ्यांदेखत भोसकला जातो. पूर्वीच्या काळी रंगभूमीवर हा प्रवेश अनेकदा गाळला जाई. गाळला की मॅकबेथबद्दलची सहानुभूती टिकते, पण नाटक खोटं पडतं. ज्याला एकेकाळी नवजात बाळाच्या रूपात दया दिसली होती, तो आता मुलांवर माणसं घालतो आणि त्याला काहीच दिसत नाही.

लगेचचा इंग्लंडमधला प्रवेश लांबलचक आहे आणि तो पुष्कळांना कंटाळवाणा वाटतो. पण त्याचा संथपणा कामाचा आहे. माल्कम मॅकडफवर एकदम विश्वास टाकत नाही. आपण किती लंपट, किती लोभी आहोत याच्या खोट्या कहाण्या रचून तो त्याला पारखतो. बापाच्या भाबडेपणाची किंमत पाहिलेला हा मुलगा वेळ घेतो. त्यात फाइफची बातमी येते. मर्दासारखा सामना कर, असं माल्कम म्हणतो; मॅकडफ उत्तरतो की करीन, पण आधी माणसासारखं मला हे सोसलं पाहिजे. पहिल्या अंकात मर्दपणाच्या नावाने नवऱ्याला टोचणारी बाई होती. तिला खरं उत्तर इथे, कितीतरी मैल दूर, दुसऱ्याच माणसाकडून मिळतं.

पाचव्या अंकात राणी झोपेत चालते. नाटकभर पद्यात बोललेली ही बाई इथे गद्यात बोलते, कारण बोलण्याचा ताल सांभाळणारं मनच मोडलंय. डंकन, बँको, मॅकडफची बायको, तिन्ही घटना एकात एक कालवल्या जातात. घड्याळाचे ठोके त्या पहिल्या रात्रीचेच पडत राहतात. थोड्या पाण्याने धुतली जाणारी गोष्ट आता धुऊन धुऊन निघत नाही. जवळ सतत दिवा लागतो, जिने रात्रीला दाट व्हायला सांगितलं होतं तिला. अठराव्या शतकाच्या अखेरीस सेरा सिडन्स या थोर नटीने या प्रवेशात हातातली मेणबत्ती खाली ठेवून दोन्ही हात मोकळे केले, तेव्हा तो रूढीभंग समजला गेला. पण हात चोळायचे तर मेणबत्ती ठेवावीच लागणार, एवढा साधा विचार तिने केला होता. आडून ऐकणारा वैद्य तेवढा शहाणा आहे. हिला वैद्यापेक्षा धर्मगुरूची गरज जास्त, हे तो ओळखतो.

नवऱ्याचा प्रवास बरोबर उलट दिशेने झालेला असतो. बायकांच्या किंकाळ्या ऐकून त्याला आता दचकायला होत नाही. भीतीची चवच विसरलो, असं तो स्वतः म्हणतो. राणी मेल्याचं कळतं तेव्हा शोक करायलाही त्याच्यापाशी वेळ नाही. मग येतं ते जगप्रसिद्ध स्वगत, ज्यात एकामागून एक येणारे दिवस कुठेच पोचत नाहीत आणि आयुष्य म्हणजे एका वेड्याने सांगितलेली गोष्ट ठरते. हे पुष्कळदा शेक्सपिअरचं तत्त्वज्ञान म्हणून फ्रेम करून लावलं जातं. ते मॅकबेथचं आहे. डंकनचा उद्या उजाडू न देणाऱ्याला मिळालेली ही शिक्षा आहे. मग चेटकिणींच्या भाकितातलं बर्नमचं रान चालत येतं, सैनिकांनी तोडून हातात धरलेल्या फांद्यांच्या रूपाने. स्त्रीच्या पोटी जन्मलेला कुणी तुला मारणार नाही, या चेटकिणींकडूनच मिळालेल्या वचनाची पळवाट तर आपल्या सूत्राला चपखल बसते : मॅकडफ दिवस भरण्याआधीच आईचं पोट चिरून काढलेला आहे. वेळेआधी सगळं हवं असणाऱ्याला वेळेआधी जगात आलेला माणूस संपवतो. आणि त्याचं मस्तक घेऊन आल्यावर मॅकडफ काय जाहीर करतो, तर काळ मोकळा झाला.

मराठीला हे नाटक नवं नाही. ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे यांनी ते ‘मानाजीराव’ या नावाने मराठी वेषात आणलं. पुढे वि. वा. शिरवाडकरांनी ‘राजमुकुट’ लिहिलं आणि दुर्गा खोटे यांनी त्यातली राणी रंगवली. आमच्याच मुंबईच्या गुन्हेगारी जगात विशाल भारद्वाज यांनी ‘मकबूल’ घडवला. तिथे चेटकिणींच्या जागी भविष्य सांगणारे दोन पोलीस अधिकारी आहेत, आणि त्यांना पाहताना मुंबईकराला काही खटकत नाही, हे त्या रूपांतराचं यश. रूपांतरं मूळ नाटकाच्या एकेका अंगावर झोत टाकतात. मूळ वाचण्याची गरज त्यांनी भागत नाही, वाढते.

या पुस्तकात पात्रं आणि प्रसंग वेगवेगळे काढून मांडले आहेत ते अभ्यासाच्या सोयीसाठी. नाटक तसं सुटं वाचू नये. ‘मॅकबेथ’ ही शेक्सपिअरची सगळ्यांत आटोपशीर शोकांतिका, ‘हॅम्लेट’च्या जवळजवळ निम्मी. ती पहिल्यांदा छापली गेली १६२३ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, आणि हेकेटी या चेटकिणींच्या देवतेचे भाग त्यात मागाहून घुसडलेले असावेत असं बहुतेक अभ्यासक मानतात. ते वाचताना अडखळलात तर दोष तुमचा नाही. आधी एका बैठकीत, शक्यतो मोठ्याने, पुरं नाटक वाचावं. अडलेल्या शब्दांसाठी थांबू नये. या नाटकाचा वेगच त्याचा अर्थ आहे. मग एकेका प्रकरणाकडे यावं आणि प्रत्येक प्रसंगाला एकच प्रश्न विचारावा : इथे विचार आणि हात यांच्या मध्ये किती वेळ गेला?

जाता जाता फ्लिअन्सची गोष्ट. मारेकऱ्यांच्या हातून निसटलेला हा मुलगा नाटकात पुन्हा येत नाही. माल्कमला मुकुट मिळतो आणि सगळं योग्य वेळी, योग्य मापाने करण्याचं तो वचन देतो. मग बँकोच्या वंशात राज्य येणार, या भाकिताचं काय झालं? बँको हा माणूसच इतिहासकारांच्या मते कल्पित आहे, पण जेम्सच्या काळी त्याच्यावर विश्वास होता, आणि त्याचं म्हणवणारं स्ट्युअर्ट घराणं १३७१ मध्ये स्कॉटलंडच्या गादीवर आलं, म्हणजे खऱ्या मॅकबेथच्या मृत्यूनंतर तीन शतकांहून अधिक काळ गेल्यावर. त्या माळरानावर दोघांना भविष्य मिळालं होतं. एकाने ते लगोलग वसूल केलं आणि निर्वंश मेला. दुसऱ्याने त्यासाठी कुणाला मारलं नाही. जेम्ससमोर बसलेल्या प्रेक्षकाला बँकोचा वारस गादीवर समोरच दिसत होता.